दुखवट्यातला नाताळ

त्या वर्षी डिसेंबरात, एका सोमवारी, माझा नवरा विनय हाटकेश भागातल्या कारखान्याच्या गाळ्यावर कामाला गेला. दुपारी गाळ्यातून फोन आला. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं. बुधवारी दफन झालं. पुढच्या आठवड्यात नाताळ होता.

मीरा रोडला थंडी येते ती सकाळपुरती. खाडीकडून मिठागरांचा वास घेऊन वारा येतो, खिडकीच्या ग्रिलला हात लागला तर गज गार लागतात, आणि ऑफिसला जाणारी माणसं घराबाहेर पडेपर्यंत ते सगळं संपलेलंही असतं. याच दिवसांत स्टेशनबाहेरच्या बाजारात कागदी स्टार टांगले जातात. ज्या दुकानात गणपतीत मखरं आणि दिवाळीत कंदील, त्याच दुकानात, त्याच तारेवर, तोच दुकानदार आता स्टार लावतो. ते दिसले की मला आधी भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो. मग दुःख आठवतं. आधी खोबरं आणि मग दुःख, हा क्रम मला आईंनी लावून दिला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी मुंबईच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून आयुष्य काढलं आणि रिटायर झाल्यावर मीरा रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. त्यांचं माहेर नगर जिल्ह्यातलं. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला फराळ होतो. करंज्या, चकल्या, शेव, बुंदीचे लाडू. केक आमच्याकडे फार नंतर आला, तोही बेकरीतून. बिल्डिंगमधल्या बायकांना याचं नवल वाटायचं. ‘अय्या, तुमच्यातपण करंज्या करतात?’ असं त्या विचारायच्या. ‘नाही, तुमच्या खिडकीतून बघून शिकलो,’ असं आई सांगायच्या, आणि ते काही जणींना खरंही वाटायचं.

फराळाची ताटं कोणाकडे जायची याचा आईंचा स्वतःचा नियम होता. नातेवाईक, चर्चमधले, ओळखीपाळखीचे त्यात बसत नसत. ‘त्यांना करणारी माणसं आहेत,’ असं त्या म्हणायच्या. डिसेंबर लागला की दुखऱ्या गुडघ्यांनी त्या चारही मजले जिन्याने चढायच्या आणि दारांबाहेरच्या चपला बघायच्या. ज्या दाराबाहेर चपलांचा एकच जोड, त्या दारी ताट. जात, धर्म, भाषा, कशाचीही चौकशी नाही. कधी अंदाज चुकायचाही. एका वर्षी एकटा समजून ज्याला ताट दिलं त्याच्या घरात सात माणसं निघाली. बाकीच्यांच्या चपला आत कपाटात होत्या. ‘मग एकच जोड बाहेर ठेवून माणसाला फसवता कशाला?’ असं म्हणून आई त्यालाच बोलून आल्या.

ताटं पोचवायचं काम विनयचं. त्याला दारात उभं राहून गप्पा मारता यायच्या. कोणाच्या नळाचा वायसर बदलून यायचा, कोणाच्या घरी क्रिकेटचा स्कोअर बघत बसायचा, आणि आमची जेवणं खोळंबायची. मी कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. माणसांपेक्षा पुस्तकांना हाक मारणं मला सोपं जायचं. कधी माझ्यावर पाळी आलीच, तर दार उघडताच ताट पुढे करून मी जिन्याकडे वळलेली असायची.

समाचार या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. घरात कोणी गेलं की लोक समाचाराला येतात. आणि कोणाला चांगलं खडसावलं तर त्याचा समाचार घेतला असं म्हणतात. त्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेले होते. येणारा माणूस रुमालाने डोळे पुसत म्हणायचा, ‘देवाची मर्जी.’ आई विचारायच्या, ‘तुम्हाला कळवून गेली का ती? मला नाही कळवलं.’ खालच्या मजल्यावरच्या मिश्राभाभी पाण्याची बाटली घेऊन आल्या, जरा वेळ बसल्या, आणि उठताना हळूच म्हणाल्या, ‘इस साल तो आप लोग क्रिसमस नहीं मनाएँगे ना?’

‘क्यूँ नहीं मनाएँगे?’ आई म्हणाल्या. ‘येशू पैदा होना बंद हुआ क्या?’

भाभी बिचाऱ्या चपला शोधायला लागल्या.

परक्यांचंच कशाला, आपल्या माणसांचंही तेच म्हणणं होतं. किनाऱ्यावरच्या तारोडी गावाहून मासळी घेऊन येणारी आमची नेहमीची बाई स्वतः ख्रिस्ती. तिने पाटी दाराशी उतरवली, आईंचे हात धरले, दोघी मिळून रडल्या. मग ती म्हणाली, ‘आमच्यान वरीसभर गोड न्हाय करीत, बाय. तुमच्यान हाय का तशी रीत?’ आई म्हणाल्या, ‘असेल. मला कोणी शिकवली नाही.’

शिकवायला विनयची आत्या होती. ती कुर्ल्याहून आमच्या सोबतीला येऊन राहिली होती. मायाळू बाई, पण रीतभात म्हणजे तिचा प्राण. विनयचे सँडल तिनेच पहिल्या दिवशी दाराबाहेरून उचलून माळ्यावर टाकले. आईंनी ते पाहिलं, परत काढले नाहीत. ‘खोटं कशाला ठेवायचं बाहेर,’ एवढंच म्हणाल्या.

‘वैनी,’ आत्या म्हणाली, ‘पोराच्या कबरीवरची माती अजून बसली नाही, आणि तुम्ही कढई चढवणार?’

‘माती बसायला पाऊस पडावा लागेल, वन्सं. नाताळ तोवर थांबत नाही.’

‘लोक काय म्हणतील?’

‘म्हणू दे. बोलायला निदान दार तरी वाजवतील.’

त्यांच्या या वादात मी नव्हते. मी कॉटवर पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे आणि एकच पान बघत राहायचे. पण काय पणाला लागलं होतं ते मला दिसत होतं. प्रश्न करंज्यांचा नव्हताच. एका घरात विधवा सासू आणि विधवा सून, अशा घराचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं होतं. लोक आधी हळू आवाजात बोलतात. मग कमी येतात. मग लग्नाची पत्रिका दारातूनच देऊन जातात, हळदीला बोलवत नाहीत. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, सवय असते. आणि घरातली माणसंही त्या सवयीला सामील होतात, हे त्याहून वाईट. मी सामील होत चालले होते. मला पडदा ओढून घ्यायचा होता आणि जमलं तर तो परत उघडायचा नव्हता. आईंना ते कळलं होतं. आम्ही दोघींनी त्या नाताळला दार लावून घेतलं असतं, तर ते पुन्हा कोणी उघडलं नसतं. आम्हीही नसतं.

शुक्रवारी दुपारी त्या म्हणाल्या, ‘शैला, मैदा भिजव.’

‘आई, मला नाही जमणार.’

‘हात आहेत ना? मग जमेल.’

तुपाचं कडकडीत मोहन मैद्यावर पडलं की चर्र होतं. ते पिठाला चोळताना बोटं भाजतात आणि चांगलं वाटतं. त्या दिवसांत काही भाजल्याचं, टोचल्याचं कळणंही मला आधार वाटायचं. खोबरं मंद आचेवर भाजायचं, रंग बदलायच्या आत उतरवायचं. खसखस, वेलची, पिठीसाखर. आई खाली बसून पाऱ्या लाटत होत्या, मी भरत होते. कड दुमडायची, दाबायची, कातण फिरवायचं. कातणाच्या चाकाची कुरकुर एवढाच आवाज घरात होता. आत्या आमच्याकडे पाठ करून भिंतीशी बसली होती. तास झाला असेल. मग ती पाठमोरीच म्हणाली, ‘कडा नीट दाबत नाहीये ती. तेलात फुटतील.’

‘तुम्ही या मग दाबायला,’ आई म्हणाल्या.

आत्या आली. रडत रडत तिने सगळ्या कडा पुन्हा दाबल्या, आणि खरंच एकही करंजी फुटली नाही.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते. जिन्यात तळणीचा वास गेला तेव्हा कुठून येतोय ते बघायला लोकांनी दारं उघडली. आमच्याकडून, साळव्यांकडून येतोय म्हटल्यावर ती परत लागली. मला ते दारं लागण्याचे आवाज अजून ऐकू येतात. तेव्हा प्रत्येक आवाजाला मी आत आत जात होते. आज वाटतं, बरं झालं, वास पोचला तरी.

ताटं आता मला न्यायची होती. पहिल्या मजल्यावर परवीनआपा राहायच्या, एकट्या, शिवणकाम करायच्या. त्यांनी ताट घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘बैठो.’ विनय असता तर बसला असता. मी बसले. त्यांनी मशीन बंद केलं नाही, मला काही विचारलं नाही. शिवण चालू होती आणि मी खिडकीतून पाण्याचा टँकर येताना बघत होते. निघताना त्या म्हणाल्या, ‘कल भी आओ. बोलना ज़रूरी नहीं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात आमच्या करंज्या होत्या. पिशवीतसुद्धा बांधलेल्या नव्हत्या. कोणी टाकल्या, ते मला कळलं नाही. आईंना कळलं होतं. त्या डब्यापाशी उभ्या राहिल्या. ‘वेलची जास्त पडली असेल,’ म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. दोन पायऱ्यांवर थांबून, वळून न बघता म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी त्या दारी दोन ताटं.’

चौथ्या मजल्यावर पेडणेकर नावाचे गृहस्थ नवीनच राहायला आले होते. गिरगावातली चाळ पाडली म्हणून खोलीचे पैसे घेऊन इकडे आलेले. पूर्वी एका छापखान्यात प्रूफरीडर होते. दाराबाहेर चपलांचा एक जोड, तोही भिंतीला अगदी समांतर ठेवलेला. नाताळच्या आदल्या दिवशी मी बेल वाजवली. त्यांनी दार अर्धं उघडलं, ताट पाहिलं आणि हात जोडले. ‘मॅडम, राग मानू नका. सुतकातलं आम्ही घेत नाही.’ दार त्यांनी सभ्यपणे, आवाज न करता लावलं.

मी खाली आले, आईंना सांगितलं. मला वाटलं, आता तरी त्या थांबतील. त्यांनी चपला घातल्या. प्रत्येक मजल्यावर दम खात त्या वर गेल्या, मी ताट घेऊन मागे. बेल वाजवली.

‘पेडणेकर, सुतक म्हणालात.’

‘हो, म्हणजे... अजून तेरावं झालेलं नाही ना तुमच्याकडे.’

‘आमच्यात सुतक नसतं. आमच्यात नुसतं दुःख असतं. ते दुसऱ्याला लागत नाही.’

आईंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीवर एका बाईंचा फोटो होता, हार घातलेला. नवा फोटो, नवी फ्रेम.

‘मिसेस कधी गेल्या?’

‘मे महिन्यात.’

‘मग दिवाळीला घरात काही केलं नसेल.’

‘वर्षाच्या आत करत नाहीत.’

‘करत नाहीत. पण बाहेरून येतं ना? तुमच्यातच आहे ती रीत. दुखवट्याच्या घरात शेजारपाजारचे फराळ आणून देतात. मी पाहिलंय.’

‘आहे. देतात.’

‘आला का तुमच्याकडे?’

त्यांनी खाली बघितलं. ‘इथे कोणाला माहीत नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.’

‘मग हा घ्या. थोडा उशीर झाला. दिवाळीचा डिसेंबर झाला.’

पेडणेकरांचा हात पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. माणूस कायद्याचा पक्का होता. ‘पण साळवेबाई,’ ते म्हणाले, ‘दुखवट्याच्या घरातून दुखवट्याच्या घरात... हे कसं बसतं? याचं काहीतरी शास्त्र असेल. भटजींना विचारायला लागेल.’

‘विचारा ना. तोवर करंज्या मऊ पडतील.’

ते हसले. म्हणजे नाकातून थोडी हवा बाहेर पडली, पण त्या घरात ती बऱ्याच दिवसांनी पडली असावी. त्यांनी ताट घेतलं.

‘उद्या दुपारी जेवायला यायचं,’ आई म्हणाल्या. ‘दीड वाजता.’

‘मी? मी कशाला?’

‘ताट परत आणायला. का मी पुन्हा चढू एवढे जिने?’

हल्ली दुःखाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. लायब्ररीत अशा पुस्तकांचं एक वेगळं कपाट झालंय. बहुतेक सगळ्यांचं म्हणणं एकच, की दुःख स्वीकारा, मग शांती मिळते. मी ती पुस्तकं वाचली आहेत, त्यांच्यावर नंबर चिकटवले आहेत, वाचकांना काढूनही दिली आहेत. मला त्यातलं काही पटलं नाही. मला जे शिकायचं होतं ते मी त्या नाताळच्या दुपारी शिकले, आणि ते शांतीचं नव्हतं.

जेवायला आम्ही पाच जण होतो. आई, आत्या, मी, परवीनआपा आणि पेडणेकर. पेडणेकर इस्त्रीचा शर्ट घालून, आमचं घासून पुसून लख्ख केलेलं ताट घेऊन आले होते. त्यात वर्तमानपत्रात बांधलेली सोनचाफ्याची चार फुलं होती. मटण नयानगरमधून आणलेलं, हलालचं, म्हणजे आपांना चालेल असं. वडे, भात, कांदा, लिंबू. ताटं वाढून झाली आणि सगळे थांबले.

आमच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना विनय करायचा. त्याआधी त्याचे वडील करायचे. भूक लागलेली असली की विनयची प्रार्थना दोन वाक्यांत आटपायची आणि आई डोळे मिटलेले असतानाच त्याला कोपर मारायच्या. आत्याने पदर डोक्यावर घेतला. आता आई सुरू करतील म्हणून मी डोळे मिटले.

‘शैला,’ आई म्हणाल्या, ‘तू कर.’

दफनापासून मी चार माणसांत तोंड उघडलेलं नव्हतं. मला पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना आभाराने सुरू होतात. ‘हे देवबापा, तुझे आभार’ इथपर्यंत मी मनात आले आणि पुढे शब्द हलेना. भात निवत होता. कोणीतरी खाकरलं. मी डोळे उघडले आणि सरळ भिंतीकडे बघून बोलले.

‘देवा, विनयला नेलंस ते मला मान्य नाही. उद्याही होणार नाही. पण जेवण तयार आहे आणि माणसं आली आहेत. त्यांना पोटभर जेवू दे. आमेन.’

‘आमेन’ कोणीच म्हणेना. पेडणेकर हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसले होते. शेवटी पाहुण्याने काहीतरी म्हणायचं असतं अशी त्यांची समजूत झाली असावी. त्या शांततेत ते खणखणीत आवाजात म्हणाले,

‘तथास्तु.’

‘अगं बाई!’ आत्या म्हणाली.

आईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता बांध फुटला. मी उठून त्यांच्याजवळ गेले तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. ‘ऐकलंस का शैला? वरून मंजुरी आली. नाही मान्य केलं तरी चालेल म्हणतात.’

पेडणेकर पार गोंधळले. ‘चुकलं का माझं काही? तुमच्यात शेवटी काय म्हणतात?’

‘आमेन,’ मी म्हणाले.

‘म्हणजे काय?’

‘तसंच होवो.’

‘मग मी तेच म्हटलं की!’

‘तेच हो,’ आई म्हणाल्या. ‘फक्त तुम्ही देवाच्या बाजूने म्हटलंत. जेवा आता.’

परवीनआपांना आत्याने सगळं हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा त्याही हसल्या. आत्याही हसली, मग हसल्याबद्दल रडली, मग दुसरा वडा घेतला. आमच्या घरात त्या मरणानंतर झालेला तो पहिला मोठा आवाज. खालच्या मजल्यावर नक्की ऐकू गेला असेल. जाऊ दे.

पुढे मी या दोन शब्दांचा फार विचार केला. आमेन मागणारा म्हणतो. तथास्तु देणारा म्हणतो. दोन्हींचा अर्थ जवळजवळ एक, पण बोलणाऱ्याची जागा वेगळी. देवाला माझं म्हणणं ऐकून राग आला की वाईट वाटलं, मला ठाऊक नाही. त्याच्याकडून मला आजवर जे एकमेव उत्तर मिळालं, ते चौथ्या मजल्यावरच्या एका प्रूफरीडरने दिलं, तेही चुकून. आणि ज्या माणसाचं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, त्याची ही एक चूक मी कधी दुरुस्त होऊ दिली नाही. पुढची सगळी वर्षं त्यांना आमेन नीट माहीत होतं. तरी माझी प्रार्थना संपली की मी त्यांच्याकडे बघायचे, आणि ते घसा साफ करून तथास्तु म्हणायचे.

कोणी मला विचारतं, इतक्या वर्षांत देवावरचा राग गेला का? नाही गेला. रागासकट मी दर रविवारी चर्चमध्ये जाते, पुढच्या बाकावर बसते. जो नाहीच असं वाटतं त्याच्यावर कोणी एवढी वर्षं रागावत नाही. आणि दुखवटा म्हणजे दार लावून बसणं, हे तर मला आता कोणी शिकवूच शकत नाही. बिल्डिंगमध्ये कोणाकडे मरण झालं की मी तिसऱ्या दिवसाची, तेराव्याची वाट बघत नाही. त्याच दिवशी जाते, खायला घेऊन जाते. परत पाठवतात कधी कधी. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

आता आई नाहीत. पेडणेकर नाहीत. आपा भाचीकडे मालेगावला गेल्या. दोन खोल्यांचं हे घर आहे आणि मी आहे. विनय गेला ते मला मान्य नाही. पंचवीस तारखेला दुपारी दीड वाजता आमच्याकडे जेवण असतं.